बारा मजले, एक गच्ची आणि 'झिरो एनर्जी'चा दावा

गणितगच्ची (धागाकर्ता)

ओळखीतल्या एका ऑफिससाठी नवी जागा बघणं चाललंय. बारा मजली इमारत, आणि माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत 'झिरो एनर्जी बिल्डिंग', म्हणजे वर्षभरात लागेल तेवढी वीज स्वतःच तयार करणारी इमारत. गच्चीवर पॅनेल, एका भिंतीला निळसर सोलर काच, तळघरात गाड्यांच्या चार्जिंगची सोय आणि या सगळ्यावर एक ॲप. चित्र देखणं आहे, पण आकडे काही जुळेनात, म्हणून इथे टाकतोय.

चांगल्या पॅनेलना किलोवॅटमागे साधारण ५ चौरस मीटर जागा लागते. भरपूर उन्हाच्या प्रदेशात एक किलोवॅट वर्षाला १४०० ते १५०० युनिट देतो. म्हणजे पॅनेलच्या चौरस मीटरमागे २८०-३०० युनिट. टाक्या, लिफ्टची खोली, एसीची बाहेरची युनिटं आणि चालायची वाट यांत निम्मी गच्ची गेली असं धरा. गच्चीच्या दर चौरस मीटरला हातात १४०-१५० युनिट उरली. आता एसी असलेलं ऑफिस कितीही काटकसरीने चालवा, मजल्याच्या चौरस मीटरमागे वर्षाला ५०-६० युनिट लागतातच. ढिसाळ कारभार असेल तर शंभर-दीडशे. म्हणजे गच्ची जेमतेम अडीच-तीन मजले पोसते.

उरलेल्या नऊ मजल्यांचं काय? हिशेबात काही राहतंय का? आणि राहत नसेल, तर हे शून्य येतं कुठून?

नुसताच_वाचक

माहितीपत्रकातून येतं. 😀

वायरमन२२०

हिशेब बरोबर आहे. कॅलिफोर्नियाने २०२० पासून नव्या घरांवर सोलर सक्तीचं केलं, तेव्हा तो नियम स्वतंत्र घरं आणि तीन मजल्यांपर्यंतच्या इमारतींनाच लावला होता. 'तीन' हा आकडा तुमच्या गणिताच्या किती जवळ आहे बघा. इमारत उंच होते तशी माणसं वाढतात, गच्ची तेवढीच राहते.

कवडसा

तीनवर थांबायची गरज नाही. सिएटलचं बुलिट सेंटर सहा मजली आहे, २०१३ मध्ये उघडलं, आणि तेही ढगाळ हवेसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात. त्यांनी दोन गोष्टी केल्या. छत भिंतींच्या बरंच बाहेर काढलं, म्हणजे गच्चीच इमारतीपेक्षा मोठी झाली. आणि विजेचा खप इतका खाली आणला की नेहमीच्या ऑफिसवाल्याला तो आकडा खोटा वाटावा. उघडणाऱ्या खिडक्या, भरपूर नैसर्गिक उजेड, जमिनीतल्या नळ्यांतून उष्णतेची देवाणघेवाण, आणि लिफ्टपेक्षा जिनाच हवासा वाटेल अशी रचना.

दिल्लीच्या इंदिरा पर्यावरण भवनातही (२०१४) साधारण तोच मार्ग दिसतो. ९३० किलोवॅटची पॅनेलं, तीही इमारतीच्या कडेबाहेर आलेल्या छतावर. पण त्याआधी चिल्ड बीम (छतातल्या थंड पाण्याच्या नळ्यांनी खोली गार करणारी रचना) आणि जमिनीखालची भू-औष्णिक यंत्रणा वापरून एसीचा बोजा कमी केला होता.

म्हणजे आधी भूक कमी करायची, मग ताट वाढायचं. ब्रोशरवाले पॅनेलचं चित्र छापतात. भिंतीतलं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता रोखणारा थर, फोटोत दिसत नाही ना.

टोकदार

मुळात हा खटाटोपच कशाला? सोलर माळरानावर टाका. तिथे तिरपं, दक्षिणेकडे तोंड करून, हवेशीर बसवता येतं. सावलीची कटकट नाही, एकाच ठिकाणी धुणं-पुसणं. इमारतीवर तेच पॅनेल महाग पडतं आणि वीजही कमी देतं. 'प्रत्येक इमारतीने आपापली वीज तयार करावी' हे ऐकायला गोड असलं तरी अभियांत्रिकी म्हणून आळशीपणा आहे. बारा मजल्यांनी बारा मजल्यांसारखं वागावं आणि वीज तारेने आणावी.

वायरमन२२०

@टोकदार, अर्धं मान्य. किलोवॅटमागे खर्च माळरानावर कमीच येतो. पण माळरान काही रिकामं पडलेलं नसतं, त्यावर कोणाचं तरी पोट असतं. शिवाय तिथून शहरापर्यंत पारेषण वाहिनी लागते, उपकेंद्रं लागतात, वाटेत वीज गळते. गच्ची आधीच बांधलेली आहे आणि वापर तिच्या पायाशीच आहे. दोन्ही लागणार. भांडण फक्त 'शून्य' कोणाच्या नावावर लिहायचं याचं आहे.

भिंतीतली_खिडकी

भिंतींबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी. (काम दर्शनी भागांचंच आहे, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा.)

उभ्या भिंतीवर पॅनेल लावलं की उत्पादन घटतं. किती, ते अक्षांशावर ठरतं. उत्तर युरोपात सूर्य कायम खाली असतो, त्यामुळे दक्षिण भिंतीला योग्य कोनातल्या पॅनेलच्या दोन तृतीयांशाच्या आसपास मिळून जातं. विषुववृत्ताकडे सरकाल तसा सूर्य डोक्यावर येतो, उन्हाळ्यात भिंतीला नुसता घासून जातो, आणि तो वाटा निम्म्यावर किंवा त्याखालीही येतो. म्हणून कोपनहेगनच्या इंटरनॅशनल स्कूलची इमारत (२०१७) सुमारे १२,००० रंगीत सोलर पट्ट्यांनी मढवलेली शोभते. ती तशीच्या तशी उष्ण प्रदेशात उचलून आणली तर हिशेब बसत नाही.

मग उष्ण प्रदेशात भिंत सोडून द्यायची? नाही. तिथे पॅनेलला भिंतीला चिकटवू नका, खिडकीवरची झडप करा. एसीचा मोठा वैरी म्हणजे पूर्व-पश्चिमेच्या काचेतून येणारं तिरपं ऊन. त्या काचेबाहेर आडव्या-उभ्या पट्ट्या लावायच्याच असतात, त्या पत्र्याच्या न करता सोलरच्या करा. वीज देतील ती देतील, पण आत येणारी उष्णता अडवून जी वीज वाचेल ती कित्येकदा जास्त मोलाची ठरते. निर्मितीच्या मीटरवर ही बचत दिसत नाही, म्हणून तिचं कौतुकही होत नाही.

आणि ती 'निळसर सोलर काच'. आरपार दिसणारी काच म्हणजे बहुतेक प्रकाश आत सोडणारी काच. जो प्रकाश आत गेला त्याची वीज होणार नाही. हे दोन्ही एकाच वेळी शंभर टक्के विकणाऱ्यापासून सावध राहा.

सावलीतली

+१. शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावण्यासारखा.

उन्हाळी

एक भाबडा प्रश्न. जास्त ऊन म्हणजे जास्त वीज ना? मग भर उन्हाळ्यात आमच्या ॲपमधला आकडा थंडीतल्या स्वच्छ दुपारपेक्षा कमी का दिसतो?

वायरमन२२०

पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नको असतो. पॅनेलवर छापलेली क्षमता प्रयोगशाळेतली असते, म्हणजे १००० वॅट प्रति चौरस मीटर प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. सिलिकॉनच्या पॅनेलची क्षमता २५च्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उतरते. कडक दुपारी सेल ६५ अंशांवर सहज जातो. चाळीस अंश गुणिले ०.३५, म्हणजे १४ टक्के गेले. धूळ बसली असेल तर अजून.

भिंतीत किंवा छपरात सपाट बसवलेली पॅनेलं आणखी तापतात, कारण मागून वारा खेळत नाही. मागे हवेची पोकळी ठेवा, वरखाली तोंडं उघडी ठेवा. त्या पोकळीतच पक्षी घर करतात, तेव्हा जाळीही लावा.

उन्हाळी

धन्यवाद! पक्ष्यांबद्दल तर आठवणच काढू नका. 🙏

नुसताच_वाचक

कबुतरांच्या बाबतीत इमारत केव्हाच झिरो एनर्जी झाली आहे. भाडं शून्य, वीजबिल शून्य.

चौथी_पाळी

मला वेगळाच मुद्दा मांडायचाय. सगळे जण वर्षाचं शून्य मोजताय. वर्षभरात जितकी युनिटं ग्रिडला (सामाईक वीजजाळ्याला) दिली तितकीच घेतली की झालं शून्य. कागदावर ठीक. पण ग्रिड वर्षाच्या सरासरीवर चालत नाही, त्या-त्या क्षणावर चालते. दुपारी सगळ्या गच्च्या एकदम वीज ओततात, संध्याकाळी सूर्य जातो आणि त्याच वेळी लोक घरी येऊन दिवे, एसी, गाडीचा चार्जर सगळं लावतात.

कॅलिफोर्नियाच्या ग्रिडचालकांनी २०१३ मध्ये सोलर वजा जाता उरणाऱ्या मागणीचा आलेख काढला. बदकासारखं दुपारी पोट खाली, संध्याकाळी मान ताठ, म्हणून त्याला 'डक कर्व्ह' म्हणतात. त्या मानेसाठी दुसरी वीजकेंद्रं दोन-तीन तासांत धडाधड चढवावी लागतात. जर्मनीत तर लख्ख उन्हाच्या सुट्टीच्या दिवशी घाऊक बाजारात विजेचा भाव उणे होतो, म्हणजे वीज घेणाऱ्यालाच पैसे मिळतात. अशा दुपारी तुमच्या 'झिरो' इमारतीने दिलेलं युनिट आणि रात्री आठला तिने घेतलेलं युनिट यांची किंमत सारखी कशी?

माझ्या मते वर्षाचं शून्य ही सोयीची हिशेबवही आहे. दर तासाचा हिशेब मांडा, मग बोलू. गूगलने २०२० मध्ये २०३० पर्यंत आपली डेटा केंद्रं चोवीस तास, तासागणिक कार्बनमुक्त विजेवर चालवण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं, ते याच कारणाने. नुसता वार्षिक ताळमेळ ते त्याआधीच जमवत होते.

टोकदार

हेच तर म्हणत होतो. इमारत हे एककच चुकीचं.

चौथी_पाळी

@टोकदार, तुम्ही माळरान म्हणत होता. 😀 सूर्य माळरानावरही सहालाच मावळतो.

कवडसा

तासाच्या हिशेबात इमारत उलट कामाची ठरते, हे विसरू नका. बॅटरी हा एकच उपाय नाही. दुपारी फुकटात वीज मिळत असताना पाणी थंड करून किंवा बर्फ करून टाकीत साठवा आणि संध्याकाळचा एसी त्यावर चालवा. जाड काँक्रीटची इमारत असेल तर दुपारीच दोन अंश जास्त थंड करून ठेवा, ती तास-दोन तास थंडावा धरते. गरम पाण्याचे हीटर आणि पाणी वर चढवणारे पंप रात्रीऐवजी दुपारी लावा. यातल्या पंपाला तर टायमरशिवाय काही लागत नाही. 'स्मार्ट' शब्दाचं मला पटलेलं काम एवढंच: वापर उन्हामागे धावला पाहिजे.

गाड्यांचंही तेच. कार्यालयात दिवसभर उभी असलेली गाडी दुपारी भरा. घरी जाऊन रात्री आठला प्लग लावलात तर ग्रिडच्या मानेवर बसलात.

आळशी_मुंगी

आमच्या इमारतीत हे सगळं 'स्मार्ट' बसवलं होतं. सेन्सर, पडदे, दिवे. मीटिंगमध्ये माणसं जरा स्वस्थ बसली की दिवे बंद, मग सगळ्यांनी हात हलवायचे. शेवटी कोणीतरी सेन्सरवर कागद चिकटवला. वीज वाचवणाऱ्या यंत्रणेला माणसांची सवय करून द्यायला कोणी आलंच नाही. बसवून बिल घेऊन गेले ते गेले.

सावलीतली

@आळशी_मुंगी, हात हलवून मीटिंग! आमच्याकडे तेवढीच हालचाल होते.

गमतीचं राहू द्या, पण मुद्दा खरा आहे. डिझाइनमध्ये दाखवलेला खप आणि प्रत्यक्ष खप यांत तफावत पडते ती अशीच. लंडनची कमी ऊर्जेची वसाहत बेडझेड (२००२) बघा. रचना चांगली, इन्सुलेशन चांगलं, पण लाकडाच्या चिपांवर वीज आणि उष्णता बनवणारं त्यांचं संयंत्र धड चाललं नाही आणि शेवटी बंद करावं लागलं. घरं अजून उत्तम आहेत. नवलाईचा भाग गेला, कंटाळवाणा भाग टिकला.

नुसताच_वाचक

मग सोलर रस्त्याचंही नाव घ्या की!

भिंतीतली_खिडकी

अरे हो. नॉर्मंडीत डिसेंबर २०१६ मध्ये एक किलोमीटर रस्त्यावर पॅनेलं अंथरली. सपाट झोपलेली, वरून ट्रॅक्टर जातायत, झाडांची पानं पडतायत, मागे हवा नाही. उत्पादन अपेक्षेच्या बरंच खाली राहिलं, चाकांचा आवाज वाढला म्हणून वेगमर्यादा उतरवावी लागली आणि पुढे काही भाग उखडावा लागला. त्याच रस्त्याकडेला खांबांवर तिरपी पॅनेलं लावली असती तर कोणाला बातमी करायचं सुचलं नसतं, पण वीज मिळाली असती.

रुक्ष

शहराच्या पातळीवर मस्दारचं उदाहरण घ्या. अबू धाबीत २००६ मध्ये घोषणा झाली. शून्य कार्बन शहर, २०१६ पर्यंत पूर्ण. मुदत पुढे गेली आणि उद्दिष्टही सौम्य झालं. पण तिथून शिकण्यासारखं आहे. वाळवंटात धूळ इतकी की गच्चीगच्चीवर चढून पॅनेल पुसणं त्रासाचं. जमिनीवरचा १० मेगावॅटचा प्रकल्प सांभाळायला सोपा गेला. आणि सर्वात उपयोगी काय ठरलं, तर अरुंद गल्ल्या, एकमेकांवर सावली धरणाऱ्या इमारती. ती युक्ती त्या भागातल्या जुन्या वस्त्यांना शेकडो वर्षं माहीत होती.

सावलीतली

इथेच एक भांडण लपलंय. दाट वस्तीत सावली हवी म्हणजे गारवा मिळतो, आणि सोलरला सावली नको. शेजारी उंच इमारत उठली की तुमचं पॅनेल आंधळं. ओळीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर टाकीची सावली पडली तरी अख्ख्या ओळीला फटका बसतो. बायपास डायोड किंवा पॅनेलनिहाय ऑप्टिमायझर लावून तो कमी करता येतो, पुसता येत नाही. पण शेजाऱ्याच्या बांधकामावर कुठलं यंत्र लावणार? उन्हाचा हक्क नगररचनेच्या नियमांत लिहावा लागेल. स्मार्ट सिटीच्या आराखड्यात ॲपची पानं सापडतात, या प्रश्नाचं पान मला तरी दिसलं नाही.

उन्हाळी

अजून एक शंका. गच्चीवर सोलर आहे, पण वीज गेली की आमचेही दिवे जातात, भर दुपारीसुद्धा! लोक हसतात.

वायरमन२२०

ते बिघाड म्हणून नाही, मुद्दाम केलेलं आहे. साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारी पेटी) ग्रिडचा व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बघून तिच्या तालावर चालतो. ग्रिड गेली की त्याने क्षणात बंद व्हायचं, नाहीतर दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या गच्चीवरून झटका बसेल. वीज गेल्यावरही चालायला हवं असेल तर ग्रिडपासून आपोआप तुटणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. विकताना हे कोणी सांगत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे.

रुक्ष

यालाच जोडून: ऑस्ट्रेलियात साधारण दर तिसऱ्या घरावर सोलर आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात दुपारी ग्रिडवर मागणीच उरेना, तेव्हा २०२० मध्ये नियम आला की नव्या यंत्रणा दुरून बंद करता आल्या पाहिजेत. २०२१ च्या मार्चमध्ये त्या खरोखर बंद केल्या गेल्या. तुमची गच्ची, तुमचं पॅनेल, बटण दुसऱ्याकडे. ग्रिड वाचवायला ते लागतं हे कळतं मला, पण करारात बारीक अक्षरांत न लिहिता आधी ठळक सांगा.

चौथी_पाळी

आणि मीटर? दर पंधरा मिनिटांचा खप बघितला की घरात कोण कधी असतं हे कळतं. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती खासगीपणाच्या मुद्द्यावरच अडवली होती. तासागणिक हिशेब हवा म्हणणारा मीच, तरी सांगतो: इमारतीचा तासाचा आकडा उघडा ठेवा, घराघराचा नको.

टोकदार

चला, कुठेतरी सहमत झालो.

कवडसा

अवांतर वाटेल, पण सिमेंट-पोलादाचं काय? फक्त सिमेंटमधूनच जगाच्या कार्बन उत्सर्जनाचे सात-आठ टक्के निघतात. चालू झाल्यावर शून्य असलेली इमारत बांधतानाच बरंच देणं करून बसते. ट्रॉन्डहाइमची ब्रात्तोर्काइया इमारत (२०१९) बांधकामाचं आणि साहित्याचंही देणं धरून हिशेब मांडते, उत्तर नॉर्वेकडे झुकणाऱ्या त्या अक्षांशावर, छताला मुद्दाम मोठा उतार देऊन. उन्हाळ्यात जास्तीची वीज शेजारच्या इमारतींना जाते. म्हणजे तिथेही शून्य एकट्याचं नाही, वस्तीचं आहे.

गणितगच्ची (धागाकर्ता)

सगळे प्रतिसाद वाचले, आभार. दरम्यान त्या इमारतीच्या माणसाला विचारलं: झिरोमध्ये काय-काय धरलंय? बराच वेळ इकडचं-तिकडचं झाल्यावर उत्तर आलं की जिने, लॉबी, पंप, लिफ्ट आणि वाहनतळाचे दिवे. भाडेकरूंचा एसी, दिवे, संगणक यात नाहीत. 'तो वापर आमच्या हातात नसतो.' वर, गच्चीवरून जे कमी पडेल ते लांबच्या सोलर प्रकल्पातून कागदोपत्री विकत घेतात.

लांबून घेतलेली वीज वाईट असं माझं म्हणणं नाही. पण मग तसं लिहा ना! बारा मजल्यांची इमारत, सामाईक भागाची वीज गच्चीवरून, बाकीची ग्रिडवरून. हे वाचून मी जास्त खूश झालो असतो.

सावलीतली

युरोपीय संघानेही शब्द बदललाय. २०१० च्या निर्देशात 'जवळपास शून्य ऊर्जा' इमारती होत्या, २०२० संपेपर्यंत सगळ्या नव्या इमारतींसाठी. २०२४ च्या सुधारणेत 'शून्य उत्सर्जन' आलं, सरकारी इमारतींना २०२८ पासून, बाकी नव्यांना २०३० पासून. त्यात खप फार कमी असणं ही पहिली अट आहे. उरलेली थोडी वीज गच्चीवरून, शेजारच्या ऊर्जासमूहातून किंवा ग्रिडवरच्या स्वच्छ स्रोतांतूनही चालते. बारा मजल्यांना हे जमू शकतं.

गणितगच्ची (धागाकर्ता)

मग भेटीला जाताना काय विचारू? थोडक्यात सांगा, तिथे अर्धा तासच मिळणार आहे.

चौथी_पाळी

चौरस मीटरमागे वर्षाचा एकूण खप, भाडेकरूंसकट, आणि तो डिझाइनमधला की मोजलेला. मग एका पूर्ण वर्षाचा तासागणिक डेटा. नाही म्हणाले तर उरलेला वेळ गच्ची बघण्यात घाला.

भिंतीतली_खिडकी

गच्चीवर गेलात तर पश्चिमेकडेही बघा. शेजारचा भूखंड रिकामा असेल तर तिथे किती मजल्यांची परवानगी आहे ते विचारा.

नुसताच_वाचक

आणि वर जाताना जिना वापरा. लिफ्ट झिरोत धरलीय म्हणे.